धवले आणि फाइल सिस्टिम

"हे लोडशेडिंग कुठून डाउनलोड करायचं?" असं मला एका परदेशी माणसानं ईमेलवर विचारलं होतं. मी वाचून इतकी हसले की शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या बशीतला चहा सांडला. त्या माणसाची चूक नव्हती. त्याच्या देशात लाईट जातच नसावी, त्यामुळे हे एखादं सॉफ्टवेअर असेल असं त्याला वाटलं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. मी शहापुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे आणि घरी हप्त्यावर घेतलेला एक कॉम्प्युटर होता. एका मासिकाबरोबर लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी फुकट आली, ती मी घातली, आणि पुढची काही वर्षं घरातल्यांच्या भाषेत 'हिला त्या सीडीनं झपाटलं.' इंटरनेटवर अशा झपाटलेल्या लोकांचा एक गट सापडला. त्यातला एक जण एकट्याच्या जिवावर नवीन फाइल सिस्टिम लिहीत होता आणि त्याला ती घरच्या साध्या कॉम्प्युटरवर वापरून बघणारी माणसं हवी होती. काम असं की मशीन काहीतरी लिहीत असताना अचानक वीज तोडायची, मग परत चालू करून काय वाचलं आणि काय गेलं ते कळवायचं.

बाकीच्यांना हे अवघड वाटत होतं. कुणी खास बटण बनवलं होतं, कुणाला मशीन खराब होईल म्हणून धीर होत नव्हता. मी लिहिलं की आमच्याकडे हे काम लोडशेडिंग करतं, मला हात लावावा लागत नाही. त्यावर त्याचा तो प्रश्न आला. मग मी त्याला समजावून सांगितलं की वीज कमी आहे म्हणून ती सगळ्यांना वाटून देतात, म्हणजे खरं तर वाटून काढून घेतात. आमच्या तालुक्यात एवढी धरणं, त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि वीज कुठं जाते ते तिचं तिलाच ठाऊक. वेळापत्रक पेपरात छापून येतं, पण वीज पेपर वाचत नसावी. त्या माणसाला हे फारच आवडलं. तुमच्यासारखी प्रयोगशाळा जगात कुणाकडे नाही, असं त्यानं लिहिलं. लाईट गेल्याचा आनंद माझ्या आयुष्यात त्याच दिवसांत झाला. पंखा बंद पडला की अख्खी आळी हाय हाय करायची आणि मी कागद-पेन शोधायला धावायचे.

आता फाइल सिस्टिम म्हणजे काय, हे मी तेव्हा आईला जसं सांगितलं तसंच सांगते. डिस्कवर कुठली वस्तू कुठं ठेवलीय याचा हिशेब राखणारी ती व्यवस्था. ही नवीन होती तिची गंमत अशी, की ती कुठलंही काम करायच्या आधी 'मी आता हे करणार' असं कोपऱ्यात टिपून ठेवायची. आपल्याकडे जशी आधी बोलणी होतात, सुपारी फुटते, मग लग्न. मध्येच लाईट गेली तरी बोलणी शिल्लक राहतात, म्हणजे परत आल्यावर काम कुठवर आलं होतं ते कळतं.

आईला बोलणी पटली. तिला खटकला तो माझा शब्द. मी म्हटलं होतं, "दादाच्या कॉम्प्युटरवरपण नवीन सिस्टिम बसवलीय."

"बसवलीस?" आई म्हणाली. "मग विसर्जन कधी?"

"टेस्टिंग संपलं की."

"बरं. तोवर कुणी हलवू नका म्हणजे झालं."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो मुरबाडला राहायचा, आई त्याच्याकडेच होती. घराच्या पुढच्या खोलीत तो कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करून द्यायचा. त्याच्या मशीनमध्ये दोन डिस्क होत्या. जुनी, लहान डिस्क कामाची होती, तिच्यावर गणपती, कलश आणि मोर खच्चून भरलेले. मोठी नवी डिस्क मी त्याच्या गळ्यात मारून टेस्टिंगला घेतली होती, कारण शहापुरात जाते ती लाईट आणि मुरबाडात जाते ती लाईट यांच्या तऱ्हा वेगळ्या. आमची एकदम जायची. त्यांची आधी डोळे मिचकावायची, परत यायची, आपण सुटलो असं वाटलं की मग जायची.

टेस्टिंगचा नियम एकच होता. जे गेलं तर रडू येईल, ते या डिस्कवर ठेवायचं नाही. मी हा नियम दादाला तोंडी सांगितला, दरडावून सांगितला, आणि कागदावर लिहून त्याच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवला. तेव्हा पुढं जे झालं त्यात माझी काडीचीही चूक नव्हती, यावरून मी आजसुद्धा कुणाशीही भांडायला तयार आहे.

आमची आत्या, बाबांची थोरली बहीण, शेणव्याच्या बाजूला राहायची. ती धवलारीण होती. आमच्याकडच्या लग्नात भटजी येतो, पण त्याच्या आधी धवलारीण लागते. मांडव घालताना, उंबराची फांदी आणताना, हळद लावताना ती धवले, म्हणजे त्या त्या विधीची गाणी म्हणते, आणि धवला म्हटल्याशिवाय तो विधी झालाच नाही असं धरतात. आत्याचा आवाज असा होता की पलीकडच्या पाड्यावर भाकऱ्या थापणारी बाई तव्यावरची भाकरी विसरायची. आणि आत्याला हे पक्कं माहीत होतं. गर्व म्हणजे किती असावा? पण आवाजच तसा म्हणून लोक ऐकून घ्यायचे.

तिनं हे धवले कुणाला शिकवले नाहीत. बायका मागं लागायच्या. ती हो म्हणायची, शिकवायला बसायची आणि मधलं एक कडवं हळूच गाळायची. मग ती बाई लग्नात अडखळली की आत्या लांबून पदराआड हसणार. एकदा मी तिला त्यावरून टोकलं, तर म्हणाली, "सगलं दिलं तर माज्याकडं काय ऱ्हाईल गो?"

मग तिच्या गळ्यात गाठ झाली. ऑपरेशन नीट झालं, गाठ गेली, पण जाताना आवाज घेऊन गेली. राहिली ती नुसती कुजबुज, जवळ कान नेला तर ऐकू येणारी. लग्नाची आमंत्रणं आली की आत्या गुडघे दुखतात म्हणून सांगायची.

त्याच वर्षी तिच्या थोरल्या नातीचं, म्हणजे मुलाच्या मुलीचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झाल्यावर, मार्गशीर्षातला मुहूर्त. आत्याचा हट्ट एकच, नातीला हळद लागेल ती तिच्याच धवल्यावर. दुसरी धवलारीण उंबऱ्याच्या आत येणार नाही. घरचे म्हणाले, अगं पण कसं? तेव्हा तिनं पत्र्याच्या ट्रंकेतून कॅसेटी काढल्या.

तिच्या नवऱ्यानं, आमच्या मामांनी, टेपरेकॉर्डर नवीन घेतला तेव्हा हौसेनं तिचे धवले भरून ठेवले होते. मामा वारून बरीच वर्षं झाली होती. कॅसेटींना बुरशी आली होती, त्या टेपमध्ये घातल्या की किंचाळायच्या. दादानं त्या मुरबाडला आणल्या, कापसानं पुसल्या, कुणाकडून तरी चांगला टेप मागून आणला आणि वायर जोडून सगळे धवले कॉम्प्युटरवर उतरवले. त्यानं ते काम खरोखर जीव लावून केलं, हे त्याच्याशी भांडतानाही मी कबूल करते. मग आत्याला बोलावून ऐकवलं. हळदीच्या धवल्याच्या मध्येच मामांचा खोकला येतो. तो आला तशी आत्या हसली आणि डोळ्याला पदर लावला. "बिडी सोडा सांगून सांगून माजा जलम गेला," ती कुजबुजली.

जाताना तिनं कॅसेटी परत नेल्या. आवाज आता पेटीत सुखरूप गेला, तर पट्टी वाया का घालवा? घरी जाऊन तिनं कॅसेटी फोडल्या, आतली काळी पट्टी सोडवली आणि पिकल्या भातावर या बांधापासून त्या बांधापर्यंत ताणून बांधली. आमच्याकडे तशी बांधतातच. वारा आला की ती चमकते, गुणगुणते आणि पाखरं दाण्याला बसत नाहीत.

इकडे दादाची जुनी डिस्क भरली. लग्नसराई तोंडावर, गणपती-मोरांना जागा पुरेना. तेव्हा या शहाण्यानं आत्याचे धवले तिथून उचलून माझ्या टेस्टिंगच्या डिस्कवर हलवले. दुसरी प्रत नाही, काही नाही. त्याच्याकडे सीडी करायची सोय नव्हती, कल्याणला जाऊन करून आणू म्हणाला, तोवर तिथं राहू देत. माझा कागद त्याला दिसला नाही, कारण त्यावर वहिनीनं नमुन्याची पत्रिका चिकटवली होती.

तो दिवस खंडेनवमीचा. दादानं फाइली हलवल्या, पडद्यावर 'झालं' असं आलं, आणि तो आंब्याची पानं आणायला मागल्या दारी गेला. आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढच्या खोलीत आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्याराला विश्रांती असते. कोयता, विळा, शिलाई मशीन, दादाची फटफटी, सगळ्यांची पूजा व्हायची आणि कुणाला हात लावायचा नाही. कॉम्प्युटर तेवढा गुरगुरत होता. सणाच्या दिवशी कामाला जुंपलेलं बघून आईला वाईट वाटलं. तिनं भिंतीवरचं बटण खाली केलं, डबा कोरड्या फडक्यानं पुसला, हळदकुंकू वाहिलं आणि वर झेंडूची माळ घातली.

मी दुपारी तिथं पोचले तेव्हा मला हे कळलं आणि मी, लाज वाटते सांगायला, खूश झाले. अशी टेस्ट ठरवूनही जमली नसती. लोडशेडिंग नाही, वादळ नाही, भक्तिभावानं तोडलेली वीज. दसरा झाल्यावर मशीन चालू केलं. ते गपगुमान उठलं, आपली बोलणी तपासली आणि सगळ्या फाइली हजर केल्या. हळदीचा धवला, उंबराचा धवला, मांडवाचा धवला. नावं बरोबर, आकार बरोबर. पास, असं मी त्या परदेशी माणसाला त्याच दिवशी कळवून टाकलं. दादानं जुन्या डिस्कच्या मोकळ्या जागेत नवे मोर भरले.

दिवाळीच्या आधी आत्या मुरबाडला आली. लग्नात कुठला धवला कधी लावायचा ते तिला दादाला नीट सांगायचं होतं, कारण पुरुषांच्या हातात धवला प्रथमच जात होता. तिला खुर्ची दिली. वहिनीनं दारं लावली, बाहेरचा आवाज नको म्हणून. दादानं हळदीचा धवला लावला.

पडद्यावरचा काटा सरकायला लागला. आवाज नाही. दादानं स्पीकर मोठा केला, तर नुसतं घूं झालं. वायर हलवून बघितली. दुसरा लावला, तिसरा लावला. काटा मुकाट या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, धवल्याला लागेल तेवढाच वेळ घ्यायचा. आत्या मात्र मान किंचित हलवत ताल धरून बसली होती, आता येईल मग येईल म्हणून. मला ते बघवेना.

मी फाइल उघडून आत पाहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं होती. सिस्टिमनं नावं टिपली होती, आकार टिपला होता, पण आतला मजकूर अजून मशीनच्या स्मरणात होता, डिस्कवर उतरायचा होता. तेवढ्यात बटण खाली गेलं, आणि जुन्या डिस्कवरून परत काढावं तर धवल्यांच्या जागी आता मोर बसले होते. बोलणी झाली, मांडव घातला, आणि मांडवात नवरीच नाही.

मग जे भांडण झालं ते झालं. मी दादावर ओरडले, दादा माझ्या फुकटच्या सिस्टिमवर, वहिनी त्या कागदावरून आमच्या दोघांवर. आई म्हणाली की तिनं बटण बंद केलं ते देवाचं काम होतं, आणि बटण बंद केल्यानं जी वस्तू मरते ती मुळात घरात आणायची कशाला? आत्या उठून दाराशी गेली. आम्ही गप्प झालो तेव्हा तिची कुजबुज ऐकू आली.

"माजा आवाज तर गेलाच व्हता," ती म्हणाली. "त्यांचा खोकला बी घालवलात."

दादा दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या शेतावर गेला. भात कापून झालं होतं. पट्टी बांधाच्या काटक्यांना गुंडाळून पडली होती, उन्हानं वाळलेली, पीळ बसलेली. त्यानं एक तुकडा चिमटीत धरला तर काळं बोटांना लागलं. तो तिथंच बांधावर बसून रडला, हे त्यानं मला फार वर्षांनी सांगितलं.

मी त्या परदेशी माणसाला लांबलचक, खरमरीत ईमेल लिहिलं. त्यानं टाळाटाळ केली नाही. नावं राखायची हमी आपण दिली होती, मजकुराची नाही, पण हे बरोबर नव्हे, असं त्यानं लिहिलं आणि फाइलींत काय होतं ते विचारलं. मी सांगितलं, माझ्या आत्याची लग्नाची गाणी. पुढच्या आवृत्तीत त्यानं क्रम बदलला. मजकूर आधी उतरणार, मग नाव-आकार टिपणार. आणि ते नीट होतंय की नाही हे तपासायला एक नवी टेस्ट टाकली, तिचं नाव ठेवलं 'आत्या'. जगभरातले लोक आपापल्या मशीनवर 'आत्या' चालवायला लागले. मी ही बातमी आत्याला सांगितली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला घातल्या आणि जीप गाठली.

लग्न जवळ येत चाललं. दुसरी धवलारीण बोलवा म्हटलं की आत्या जेवण टाकायची. मग एके दिवशी तिचा मुलगा शहापुरात माझ्या दारात आला आणि म्हणाला, "आयनं तुला बोलावलंय. धवले शिकायला."

"मला?" मी म्हटलं. माझा आवाज कसा आहे ते क्लासमधल्या पोरांना विचारा.

मी रविवारी गेले. आत्या ओटीवर तांदूळ निवडत होती. गावात एवढ्या गळ्याच्या बायका असताना मीच का, असं मी तिला सरळ विचारलं. तिनंही सरळ सांगितलं. गावातल्या बाईला शिकवलं तर ती पुढची सगळी लग्नं घेईल. "तुजा आवाज फुटक्या घागरीचा. तुला कोन बलावनार हाय?"

मी उठलेच होते. तिनं मनगट धरून खाली बसवलं.

त्यानंतर प्रत्येक रविवारी मी जीपनं शेणव्याला जायचे आणि आम्ही भांडायचो. तिला गाता येत नव्हतं, मला येत नव्हतं. ती शब्द कानात कुजबुजायची आणि सूर हातानं दाखवायची. हात वर गेला की वर जायचं, हात थरथरला की तिथं थांबून घोळवायचं. चुकले की दंडाला चिमटा. माझा दंड कार्तिकभर निळा होता. मी म्हणायचे, आत्या, हे माणसाचं शिकवणं नव्हे. ती म्हणायची, तुजं बी मानसाचं गानं नाय. पण कडवं तिनं एकही गाळलं नाही. मी मुद्दाम दुसऱ्या एका म्हातारीकडून ताडून पाहिलं, तर उलट आत्याकडे चार कडवी जास्तच निघाली.

हळदीच्या दिवशी मांडव भरला होता. माझ्यापुढे माइक ठेवला होता, डीजेवाल्यानं आपले खोके दोन्ही बाजूंना रचले होते. आत्या माझ्या शेजारी पाटावर, दंडाला हात लावून बसलेली. मांडवाच्या मेढी-खांबांपासून गावदेवीपर्यंत सगळ्यांना आमंत्रण देत मी धवला सुरू केला. पहिल्या ओळीलाच दोन पोरी फिदीफिदी हसल्या. मी तिकडे दुर्लक्ष केलं. नातीच्या गालाला हळदीचं पहिलं बोट लागलं, आणि लाईट गेली.

माइक मेला, डीजेचे दिवे मेले, आणि मीही थांबले. कित्येक महिन्यांची सवय, लाईट गेली की सगळं थांबतं आणि आपण काय वाचलं ते बघायचं. दंडाला असा चिमटा बसला की डोळ्यांत पाणी आलं.

"लाईट गेली तर तू कशाला थांबलीस गो?" आत्या कुजबुजली.

मी पुढची ओळ म्हटली. माइक नाही म्हणून मोठ्यानं म्हटली. मागच्या बायकांनी ओळ झेलली, मग मी परत, मग त्या. आत्याचा हात माझ्या दंडावर वर जात होता, खाली येत होता, थरथरत होता, आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. जिथं मामा खोकायचे तिथं ती एक क्षण थांबली. मीही थांबले. मग आम्ही दोघी पुढं गेलो.

हळद संपल्यावर वरच्या आळीतली एक म्हातारी काठी टेकत आली. तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं आणि आत्याच्या ऑपरेशनचं तिला कुणी सांगितलं नसावं. ती चाचपडत आत्यासमोर बसली, तिचा हात हातात घेतला.

"धवला झकास झाला," ती म्हणाली. "पन आज तुजा आवाज जरा बसल्यावानी वाटला गो."

मी सांगायला तोंड उघडलं, तर दंडाला चिमटा बसला. आत्या म्हातारीच्या कानाजवळ वाकली.

"दसऱ्यापासून बसलाय," ती म्हणाली. "व्हईल हलूहलू मोकला."